लेकरांच्या हाती पुडी कोणी दिली?

पालकसभा असो, मिस्सानंतर अंगणात रंगणाऱ्या गप्पा असोत वा एखाद्या शिक्षकाचा निरोपसमारंभ असो, एक तक्रार अलीकडे हटकून कानी पडते : आजची पिढी बिघडली. मुले गुटखा खातात, चोरून बिअर पितात, परवान्यावाचून मोटारसायकली उडवतात, वडीलधाऱ्यांना जुमानत नाहीत. तक्रार करणाऱ्यांच्या कळकळीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात ज्याला उभे केले आहे, तोच खरा आरोपी आहे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. चौदा वर्षांचा मुलगा पुडी भरत नाही, ती रातोरात सीमेपलीकडून आणत नाही, टपरीला जागा देत नाही, तिचे भाडे घेत नाही आणि तिच्याकडे काणाडोळाही करीत नाही. ही सर्व कामे मोठी माणसे करतात. मुलगा केवळ शेवटचे काम करतो : तो ती पुडी तोंडात टाकतो. आणि आम्ही सारे मिळून त्या शेवटच्या कामाविरुद्ध भाषणे करतो.

सांगोल्याचेच उदाहरण घेऊ. माण नदीच्या काठचा हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजत आला. डाळिंबाने त्याचे दैव थोडेफार पालटले. 'सोलापूर डाळिंबा'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जिल्ह्यात डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि तेल्या रोगाचे नाव काढताच येथला शेतकरी दचकतो. पानावर एक तेलकट डाग दिसला की तो उन्हातान्हात बाग पालथी घालतो, रोगट फांदी छाटतो, ती बांधावर न टाकता जाळतो. फवारणीचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ असते. अशा या जागरूक माणसाला आम्ही विचारतो : आपल्या मुलाच्या गालफडात आतून पांढरे चट्टे पडले आहेत काय, हे आपण शेवटचे कधी पाहिले? बागेतील प्रत्येक पान उलटून पाहणारा बाप आपल्या लेकराचे तोंड एकदाही उघडून पाहत नाही. फळाचा डाग बाजारात भाव पाडतो म्हणून तो लगेच दिसतो. लेकराच्या तोंडातला डाग दिसायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हा उशीर कसा होतो, हे नीट समजून घ्यावयास हवे. गुटख्यात तंबाखू असते एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यातील सुपारी ही स्वतंत्रपणे कर्करोगास कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. म्हणजे 'आमचा मुलगा तंबाखू नाही खात, नुसती गोड सुपारी खातो' हे समाधान खोटे आहे. सुपारीतील द्रव्यांनी गालाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू कडक होत जाते. तिखट सोसेनासे होते. मग तोंड उघडणेच कठीण होते. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी सहज मावतात. ज्या मुलाच्या तोंडात दोनच मावतात, त्याला दंतवैद्याकडे नेण्यास एक दिवसही लावू नये. हा विकार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो. तंबाखूतील निकोटीनचे काम निराळे : ते मेंदूला मागणी करावयास शिकवते. कोवळ्या वयातील मेंदू हा धडा फार लवकर गिरवतो आणि फार उशिरा विसरतो. म्हणूनच पुडी विकणाऱ्या धंद्याला चाळिशीच्या माणसापेक्षा चौदा वर्षांचा मुलगा अधिक मोलाचा वाटतो. जुनी गिऱ्हाइके मरत जातात. नवी शाळेच्या फाटकापाशी मिळतात.

हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी केली. तीत शंभरांपैकी ८.५ मुले त्या वेळी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्याहून भयंकर गोष्ट पुढे आहे : ज्यांनी कधी ना कधी तोंडात ठेवावयाची तंबाखू घेतली होती, त्यांच्यापैकी ५२ टक्के मुलांनी वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच ती चाखली होती. नऊ वर्षांच्या लेकराला वाईट संगत कोठून लागणार? त्याची संगत म्हणजे त्याचे घर. दुपारच्या जेवणानंतर 'जा रे, पळत जाऊन तंबाखू-चुना घेऊन ये' असे सांगणारा बाप. 'उरलेल्या रुपयाचं तुला खा' म्हणणारा काका. सकाळी अंगणात बसून मिश्री लावणारी आजी आणि तिच्या डबीत बोट बुडवणारी नात. मिश्री म्हणजे भाजून वाटलेली तंबाखूच, हे किती घरांत कोणी मोठ्याने बोलले आहे? दात दुखतो म्हणून मुलीला मिश्री लावावयास देणारी माउली ही प्रेमळच असते. पण प्रेमाने दिलेली तंबाखू कमी विषारी होत नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचे सेवन करीत होते. जेथे दर चार मोठ्यांपैकी एकाच्या खिशात वा डबीत ती आहे, तेथे मुलांना तिचा शोध घेत हिंडावे लागत नाही.

याची किंमत काय, हे पाहण्यास मुंबईस जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीस, डॉ. नेने यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची शास्त्रशुद्ध नोंद ठेवण्याचे काम देशात प्रथम १९८७ साली याच बार्शीत सुरू झाले. ज्याला वाटते की हा शहरी श्रीमंतांचा रोग आहे, त्याने तेथील बाकावर एक सकाळ बसून पाहावे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील यांचे स्मरण कोणाला नाही? ग्रामस्वच्छतेची चळवळ गावोगाव नेणारा, राज्याचे गृहखाते सांभाळणारा हा लोकप्रिय नेता १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने सत्तावन्नाव्या वर्षी गेला. शरद पवार यांच्यावर २००४ साली याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून ते तरुणांना या व्यसनापासून दूर राहण्यास जाहीरपणे सांगत आले आहेत. सत्ता, पैसा आणि उत्तम वैद्यक हाताशी असणाऱ्यांची ही कथा. सांगोल्याच्या शेतमजुराच्या मुलाच्या वाट्याला यांपैकी काय येणार आहे?

आता कायद्याकडे वळू. 'सरकार काही करीत नाही' हे वाक्य आपल्या जिभेवर सदैव तयार असते. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ रोजी गुटख्यावर प्रथम बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तसा अधिकार नाही म्हणून ती रद्द ठरवली. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. कर्नाटकानेही २०१३ साली तेच केले. तरीही सीमेपलीकडून आलेला माल पकडल्याच्या बातम्या सोलापूर जिल्ह्यात वरचेवर वाचावयास मिळतात. तंबाखू मिसळलेल्या मसाल्यावर बंदी आली तेव्हा व्यापाऱ्यांनी मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. मिसळण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले. कायद्याची थट्टा याहून सोपी करता आली नसती.

२००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई केली. दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. एका दुपारच्या गल्ल्यातून तो सहज भरता येतो. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्याचे सत्त्याहत्तरावे कलम निराळे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जो कोणी बालकास दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देईल वा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचकांनी 'देईल' या शब्दापाशी क्षणभर थांबावे. कायदा 'विकेल' एवढेच म्हणत नाही. म्हणजे टपरीवाल्याइतकाच, लग्नाच्या मांडवामागे भाच्याला 'घे, आता मोठा झालास' म्हणून पेला पुढे करणारा मामाही त्या कलमात बसतो. कायदा आहे, तो कडक आहे आणि तो आपल्या घरापर्यंत पोहोचतो. बहुधा म्हणूनच आपण त्याचे नाव काढत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला पोटापाण्याचा. सोलापुरात हजारो बाया विड्या वळून संसार चालवतात; त्यांच्यासाठी उभारलेल्या दहा हजार घरांची वसाहत २००६ साली त्यांच्या हाती आली, हे आम्हांस ठाऊक आहे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी लढा दिला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले, हेही आम्ही विसरलेलो नाही. श्रमाच्या भाकरीची टिंगल आम्ही कधीच करणार नाही. पण ज्या भाकरीसाठी बारा वर्षांचे गिऱ्हाईक लागते, ती भाकर कोणाच्याही घशाखाली उतरू नये. विडी वळणाऱ्या बाईलाही आपल्या मुलाने विडी ओढावी असे वाटत नाही. तिचा कैवार घेऊन जे बोलतात, त्यांनी तिलाच एकदा विचारून पाहावे.

दुसरा आक्षेप : बंदीने चोरटा व्यापार वाढतो. वाढतो खरा. पण चोरट्या मालालाही शेवटचा हात लागतोच, आणि तो हात आपल्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाचा असतो. त्याला आपण सणाला राम राम घालतो, त्याच्या घरच्या लग्नाला आहेर करतो. मालमोटारी अडवणे पोलिसांचे काम असेल. ओळखीच्या माणसाला 'बाबा, आमच्या पोरांना हे देऊ नकोस' असे चार माणसांनी मिळून सांगणे, आणि न ऐकल्यास लेखी तक्रार देणे, हे आपले काम आहे. तिसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. ज्याच्या मेंदूला मागणी करावयास शिकवले गेले आहे, त्याच्या स्वातंत्र्याची भाषा करणे म्हणजे पाखराचे पंख छाटून पिंजऱ्याचे दार उघडे ठेवणे होय.

पुडीवरून दारू आणि वाहनाकडे येऊ. तेथेही चित्र हेच आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तो आधी मद्यालयात दारू प्यायला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. साऱ्या देशात संताप उसळला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि वडिलांनाही अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आमचा मुद्दा वेगळा आहे. मोटार कोणाची, किल्ली कोणी दिली, पेला कोणी भरला, हे सारे प्रश्न मोठ्यांचे होते आणि निबंध मात्र मुलाच्या वाट्याला आला. त्या निबंधावर आपण हसलो. पण व्यसनमुक्तीच्या फेऱ्या, शपथा, चित्रकलास्पर्धा आणि वक्तृत्वस्पर्धा यांपलीकडे आपण तरी काय करतो? आपणही मुलांकडून निबंधच लिहून घेतो. सांगोल्यात परवान्यावाचून दुचाकी चालवणाऱ्या मुलाला ती बापाने दिलेली असते, आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेनुसार अशा अपघातात पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. बापाने निबंध लिहावा, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

मुलींविषयीही हेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते, आणि पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. कोवळ्या, रक्त कमी असलेल्या देहावर बाळंतपण लादणे, याहून मोठा धोका कोणता? पण 'किशोरवयीनांचे धोकादायक वर्तन' असे शीर्षक दिले की या गोष्टी त्यातून गळून पडतात. कारण येथे वर्तन मुलीचे नसते, मांडव घालणाऱ्यांचे असते.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे. आपण ख्रिस्ती मंडळी संख्येने थोडी. सांगोल्यापासून पंढरपूर फार दूर नाही. आषाढीच्या दिवसांत गळ्यात तुळशीची माळ घातलेला शेजारी आपण पाहतो. माळ घातली की तो दारूला शिवत नाही, आणि गाव त्याच्याकडून तशीच अपेक्षा ठेवते. आपल्या गळ्यात क्रूस आहे. तो पाहून गाव आपल्याकडून कोणती अपेक्षा ठेवते? 'ख्रिस्त्यांच्या लग्नात प्यायला मिळते' ही ख्याती आपण कशाने मिळवली? स्नानसंस्काराच्या मेजवानीत बाटली हवी, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेल्या लेकराच्या कौतुकातही बाटली हवी! कोणी हटकले तर कानागावच्या लग्नाचा दाखला तयार असतो. प्रभूने तेथे यजमानाची लाज राखली. पोराबाळांना पाजले नाही. त्या चमत्काराचा आधार घेऊन मद्याच्या पेट्या आणणाऱ्याने त्याच शुभवर्तमानातील पाय धुण्याचाही प्रसंग तितक्याच उत्साहाने आचरून दाखवावा.

धर्मसभेची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अन्न, मद्य, तंबाखू यांचा अतिरेक टाळणे हे संयमाच्या सद्‌गुणात मोडते असे शिकवले आहे. आणि नशेत वा वेगाच्या हौसेने रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास गंभीर दोष लागतो, असेही. आठव्या अर्बन या पोप महाशयांनी १६४२ साली सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना बहिष्काराची तंबी दिली होती. परंतु शिक्षेच्या धमकीपेक्षा दिवंगत पोप फ्रान्सिस यांचा निर्णय आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना सिगारेटी विकणे त्यांनी बंद केले. त्या विक्रीतून नफा होत होता. पण लोकांच्या आरोग्याची हानी करणाऱ्या गोष्टीतून धर्मपीठाने कमाई करू नये, हे त्यामागचे कारण होते. त्यांनी कोणाकडून निबंध लिहून घेतला नाही. त्यांनी आपले दुकान बंद केले.

आम्ही प्रत्येक कुटुंबाकडे हेच मागतो : आधी आपले दुकान बंद करा. तंबाखू आणावयास मुलाला पाठवू नका. मिश्रीची डबी नातीच्या हाताला लागू देऊ नका. आजीला सुटत नसेल तर तिला दरडावू नका, मदत करा. धर्मग्रामाच्या कोणत्याही संस्कारसोहळ्यात, चर्चच्या आवारात वा घरी, मुलांच्या देखत मद्य वाढू नका. अठरा वर्षे पुरी होऊन परवाना येईपर्यंत मोटारसायकलची किल्ली खुंटीला राहू द्या. शाळेजवळच्या टपरीविषयी दहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच जपून ठेवा. आणि मुलगा खातो असे कळले तर त्याला बडवू नका. मार खाल्लेला मुलगा पुडी सोडत नाही, लपवायला शिकतो. त्याचे तोंड तपासा, त्याला दंतवैद्याकडे न्या, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने चालवलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर त्याला बोलू द्या. व्यसन सुटते. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने ते दाखवून दिले आहे.

सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, ते काय त्यांच्या भाषणांच्या बळावर? एस. टी.ने हिंडणारा, साधा राहणारा माणूस लोकांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. मुलेही तेच करतात. ती आपली प्रवचने ऐकत नाहीत, आपल्याला पाहतात. आमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे पौलाचे वचन दृढीकरणाच्या वर्गात आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या मंदिराच्या दारात पानाच्या पिचकाऱ्या कोणी मारल्या, हे मुलांना आपल्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.

लहानांपैकी एकाला जो अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे प्रभू येशूने म्हटले. त्या वचनात अडखळणाऱ्या लेकराला शिक्षा सांगितलेली नाही. तळी कोणाच्या गळ्यात पडणार, हे तेथे स्पष्ट आहे. बिघडलेल्या पिढीविषयीची पुढची सभा भरवण्यापूर्वी प्रत्येकाने आपली मान एकदा चाचपून पाहावी.